सातवीपासून घ्या

१ मार्च, शनिवार

निवड झाली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच लग्न, बारसं, गणपती आणि कुणाच्या तरी कॉन्डोतलं बार्बेक्यू सोडून दुसरीकडे गायला बोलावलंय. वाद्यांशिवाय गाणाऱ्या गटांचा महोत्सव, खरं सभागृह, खरी तिकिटं. दहा मे.

आनंद पोस्टर उघडेपर्यंत टिकला. त्यावर छापलंय: ‘सारंग अँड द डुगडुग्स’.

आम्ही ‘डुगडुग’ आहोत. चौघं. सारंग, ऋचा, मंदार आणि मी. त्यात ‘अँड’ नाही आणि शेवटी ‘स’ तर नाहीच नाही.

डू-वॉप म्हणजे काय ते मी आईला एकदा फोनवर समजावलं होतं. एक जण शब्द गातो, बाकीचे तोंडानं वाद्यं होतात. अमेरिकेतली पोरं रस्त्याच्या कोपऱ्यावर असं गायची, कारण वाद्यं घ्यायला पैसे नव्हते. आई म्हणाली, “पण तुमच्याकडे तर आहेत ना पैसे?”

आम्ही सुरुवात केली ती इथेच परदेशात, चोआ चू कांगला आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये. खांबांमध्ये आवाज छान घुमतो. इंग्रजी डू-डू, शू-बप आमच्या तोंडात बसेना. मग मंदारनं खालच्या पट्टीत जहाजाच्या इंजिनासारखं डुगडुग, डुगडुग सुरू केलं. अर्धं आयुष्य इंजिनरूममध्ये गेलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार! त्यावर ऋचाची झुळझुळ आली, माझं टपटप आलं. शब्द माझे, चाली माझ्या, कुणी कधी यायचं तेही मीच ठरवते. पोस्टरवर मात्र सारंग.

त्याला फोन केला. “अगं, त्यांनी विचारलं लीड कोण गातं, मी नाव सांगितलं. ते असं छापतील हे मला काय माहीत?”

“बदलायला सांग.”

“सांगितलं. छापून झालंय म्हणाले.”

तो हसला. हसायला नको होतं.

मी चिडलेय त्यात गटाचा अपमान किती आणि माझं नाव कुठेच नाही याचा राग किती? खरं सांगायचं तर अर्धं-अर्धं. कदाचित अर्ध्याहून जास्तच.

८ मार्च, शनिवार

बुओना व्हिस्टाला ऋचाच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये तालीम. लाकडी जमीन, एसी, आरसे. मंदारनं नेहमीप्रमाणे आल्या आल्या बूट-मोजे काढून कोपऱ्यात ठेवले. हल्ली तो सगळीकडे अनवाणीच गातो. घरच्यासारखं वाटतं म्हणे.

मी पहिल्यांदाच चांगला माइक लावून रेकॉर्डिंग केलं आणि ऐकून डोकं फिरलं. प्रत्येक ओळीआधी ठप्, ठप्. सारंगचा पाय.

“पाय आपटणं बंद,” मी म्हटलं. “सगळं माइकमध्ये येतंय.”

“थोडा चालेल ना?”

“अजिबात नाही.”

“तुझ्या गाण्यात एमआरटी ट्रेनपेक्षा जास्त नियम आहेत गं. वास मारणारं ड्युरियन आणायचं नाही, हे पण सांगून टाक.”

ऋचा हसली. सारंगनं मंदारकडे बघितलं. मंदार खाली, स्वतःच्या पायांकडे बघत होता. एखाद्या मुख्य गायकाला पाय आपटायला मनाई केली तर इतकं लागावं? पोस्टर डोक्यात गेलंय त्याच्या.

१५ मार्च, शनिवार

आज मंदारनं सगळं घालवलं.

‘लिफ्ट बंद आहे’ हे आमचं सगळ्यात चांगलं गाणं. खाली उभा असलेला मुलगा वरच्या मजल्यावरच्या मुलीला बोलावतोय. ‘बाराव्या मजल्यावरून बघतेस काय, लिफ्ट बंद आहे, चालू आहेत पाय.’ सातव्या ओळीनंतर आम्ही सगळे गप्प होतो आणि मंदार एकटा डुग, डुग, डुग करत खाली उतरतो, जिना उतरल्यासारखा. लोक तिथेच टाळ्या वाजवतात. नऊ वर्षांत तो तिथे कधी चुकलेला नाही.

आज एकदा लवकर आला. मग उशिरा आला. मग आलाच नाही, माझ्याकडे बघत राहिला.

“सातवीपासून घ्या,” मी म्हटलं. त्यानं आठवीपासून घेतलं.

“सातवी, मंदार!”

“हो हो.” आणि पुन्हा आठवी.

भरीत भर म्हणून आता सारंग त्याच्या उजवीकडे चिकटून उभा राहतो, पाठीवर हात ठेवून, आणि दर ओळीआधी थोपटतो. बँडमास्तर झालाय. पोस्टरवर नाव आलं की हातही लांब होतात. मी म्हटलं, “त्याला शिकवतोयस का गायला?” सारंगनं हात काढला. पुढच्याच ओळीला मंदार पुन्हा चुकला.

१६ मार्च, रविवार

काल मी जास्त बोलले का? मंदार पन्नाशीचा, आमच्यात मोठा. कामाचा ताण असेल. त्याचं जहाज-तपासणीचं खातं माझ्या नवऱ्याच्या, रुचिरच्या हाताखाली येतं, म्हणून मी रुचिरला विचारलं, ऑफिसात मंदारला काही त्रास आहे का. रुचिर म्हणाला, “नाही. का?” आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. मग वर न बघताच म्हणाला, “त्याला काही सांगायचं असलं तर लिहून पाठवत जा. तुझे ते लांबलचक व्हॉइस मेसेज नको.”

माझ्या आवाजाचा यालाही कंटाळा.

२२ मार्च, शनिवार

रुचिरचा वाढदिवस. सगळे घरी. बसायची व्यवस्था मी नीट विचार करून केली होती, तर रुचिरनं ऐन वेळी मला उठवलं आणि माझी कोपऱ्यातली खुर्ची मंदारला दिली. “तू इकडे ये, तो तिथे भिंतीपाशी बसू दे.” पाहुण्यांदेखत. मी पुऱ्या तळायला निघून गेले.

इरा स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “आई, मंदारकाका सो फनी. मी विचारलं चहा की कॉफी, तो म्हणाला हो.”

“मग काय दिलंस?”

“दोन्ही, लाह,” ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. “दोन्ही प्यायला.”

आम्ही खूप हसलो. मंदारची ही जुनीच तऱ्हा, कशालाही हो म्हणायचं. गाण्यात तेच चाललंय. हो म्हणायचं आणि लक्ष द्यायचं नाही.

२९ मार्च, शनिवार

सात वाजता या म्हणून मी परवा सगळ्यांना स्वतः सांगितलं होतं. व्हॉइस मेसेजवरच; लिहीत बसायला मी काही रुचिरची सेक्रेटरी नाही. सारंग आणि ऋचा वेळेवर आले. मंदार आठला आला, हातात करी पफची पिशवी, चेहरा हसरा.

मी म्हटलं, “सात म्हटलं की तुला आठ ऐकू येतं का रे?”

मला वाटलं, निदान ऋचा तरी हसेल. कुणीच हसलं नाही. मंदारनं पिशवी पियानोवर ठेवली, बूट काढले आणि म्हणाला, “सॉरी. चला, घेऊ या.”

मग सातव्या ओळीला चुकला.

मी वही मिटली आणि निघून आले. एमआरटीत उभ्यानंच हिशेब केला. नऊ वर्षं. दर शनिवारी. इराच्या तापात, रुचिरच्या दौऱ्यांत, कोविडमध्ये चौघं चार चौकोनांत. आणि आता कुणीतरी आम्हाला खरोखर ऐकणार आहे, तर एकाला आरशात बघायचंय आणि दुसऱ्याला करी पफ आणायचेत.

५ एप्रिल, शनिवार

आज बोलले. सगळ्यांसमोर, कारण मागे बोलणं मला पटत नाही. मंदारकडे बघून, हळूहळू, एकेक शब्द सुटा म्हटलं, “तुझं लक्ष नाहीये. असं असेल तर मला दहा मेला दुसरा बेस गायक घ्यावा लागेल.”

ऋचा म्हणाली, “अनुजा, थांब.”

“का थांबू? तुम्हा दोघांना ऐकू येत नाही का तो काय करतोय ते?”

सारंग म्हणाला, “कुणाला काय ऐकू येतं ते राहू दे. तो गेला तर मी पण गातो की नाही बघ.”

“गाशील. तुझं नाव आहे पोस्टरवर.”

मंदारनं हात वर केला, शाळेतल्यासारखा. “बरोबर आहे तिचं. मी गाणं बिघडवतोय. नवा मुलगा आण, मी त्याला गाण्यातल्या जागा शिकवतो.” मोजे घातले, बुटांच्या नाड्या बांधायला त्याला फार वेळ लागला.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसावर चिडता तरी येतं.

तन्मय नावाचा मुलगा आहे, बँकेत आयटीमध्ये, कॉलेजात बेस गायचा. त्याला मेसेज केला. त्यानं लगेच ‘येस ताई!!!’ लिहिलं. तीन उद्गारचिन्हं.

१२ एप्रिल, शनिवार

जसं झालं तसंच लिहिते.

तन्मय आला. मंदारनं त्याला आरशापाशी नेलं. मी त्यांच्या मागे, टेबलाशी होते.

“आधी बूट काढ,” मंदार म्हणाला.

“का हो काका?”

“सारंगचा पाय पडला की जमिनीतून तुझ्या तळव्याला कळतो. त्यावर यायचं. सारंग, दाखव.”

सारंगनं माझ्याकडे बघितलं आणि पाय आपटला. मंदार आला. बिनचूक, घंटेसारखा, डुग, डुग, डुग, खालपर्यंत. पुन्हा पाय, पुन्हा मंदार. चार आठवड्यांत ऐकलं नव्हतं असं.

मी मागून म्हटलं, “सातवीपासून घ्या.”

“आठवीपासून म्हणतेय,” मंदारनं तन्मयला सांगितलं.

“सातवी म्हणाल्या ताई.”

“तेच रे, तेच,” मंदार हसला.

मग मी जे केलं ते करायला नको होतं. त्याच्या पाठीमागे, नेहमीच्या आवाजात म्हटलं, “मंदार, आज फार सुंदर लागलाय तुझा आवाज.”

तन्मय वळला. सारंग वळला. ऋचानं तोंडावर हात ठेवला. मंदार आरशासमोर वाकून पायाचं बोट चोळत होता. तो वळलाच नाही.

गेल्या कित्येक आठवड्यांत मी त्याचं केलेलं पहिलं कौतुक.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी सारंगशी फोनवर भांडले. “वर्ष झालं,” तो म्हणाला. “इंजिनरूमनं खाल्लेत कान. डावा जवळपास गेलाय. उजव्यात स, श, फ असलं काही राहत नाही. सातचं आठ होतं. पायावर चाललं होतं सगळं नीट, तू पाय बंद केलास.”

“मला सांगायचं ना!”

“तुला सांगितलं असतं तर तू रुचिरला सांगितलं असतंस.”

“नसतं.”

“अनुजा.”

मी फोन ठेवला. सांगितलं असतं. ‘हे लपवणं बरोबर नाही’ असं म्हणून, चांगलं तोंड करून सांगितलं असतं. पण म्हणून त्यांनी मला चार आठवडे त्याच्या कानांवर ओरडू द्यायचं? ‘सात म्हटलं की आठ ऐकू येतं का’ हे मी म्हणत असताना दोघं तिथे उभे होते.

मग मंदारला लिहून बोलावलं. खालच्या हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत, नाश्त्याच्या वेळी. त्यानं भिंतीकडची जागा घेतली, मला उजवीकडे बसवलं आणि दोन कोपी, म्हणजे इथली घट्ट गोड कॉफी, आणल्या. आता मला सगळं दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणून आणखी राग येत होता.

“मशीन का नाही लावत?”

“लावलं होतं. सगळं ऐकू येतं, पण पत्रा घासल्यासारखं. सूर राहत नाही. तुमचा आवाज तसा ऐकण्यापेक्षा पायानं ऐकलेला बरा.”

“आणि काम? जहाजावर जातोस. कुणी ओरडलं, काही पडलं...”

“इंजिनरूममध्ये कुणालाच ऐकू येत नाही गं. सगळे कान झाकून हातवारे करतात. तिथे मी सगळ्यांसारखाच असतो.” कोपी ढवळत म्हणाला, “हल्ली एकटा कधी उतरत नाही. मेडिकल ऑगस्टमध्ये आहे. त्यात कळेलच. मग करार, वर्क पास, लेकीची, जाईची दहावी, जे व्हायचं ते होईल. तोवर मला गाऊ दे, एवढंच होतं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुझा नवरा माझा साहेब. आणि तुला खोटं बोलता येत नाही.”

“ही स्तुती आहे का?”

“नाही,” मंदार म्हणाला.

शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी वळून बघावं इतक्या मोठ्यानं मी म्हटलं, “दहा मेला तूच गातोयस. आणि कार्यक्रम झाला की त्याच दिवशी तू स्वतः रुचिरला सांगायचं. नाहीतर मी सांगेन.”

“धमकी देतेस?”

“हो.”

त्यानं माझ्या ओठांकडे बघितलं, मग डोळ्यांकडे. “बरं,” म्हणाला.

हे ‘बरं’ त्याला ऐकू आल्यावरचं होतं की नेहमीच्या ‘हो’सारखं, मला माहीत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

तन्मयला नाही म्हणून कळवलं. “ताई, मी स्टेटस टाकलं होतं,” म्हणाला बिचारा. त्याला दहा मेचं तिकीट देऊ केलं. घेतलं.

२६ एप्रिल, शनिवार

पाय परत आला. पण सारंगचा नाही, माझा. सारंगनं शब्दांकडे लक्ष द्यावं, मी मंदारच्या उजवीकडे उभी राहते आणि टाच आपटते. पहिल्यांदा जमलं नाही, मीच मागे-पुढे झाले. मंदार म्हणाला, “सातवी म्हणजे सातवी हं, अनुजा.” सगळे हसले. मलाही हसावं लागलं. रडायला आलं असतं तर आणखी चिडले असते.

जेवताना रुचिरनं विचारलं, “मंदारचं काय ठरलं मग? गातोय ना?”

“हो. मध्ये जरा घसा बसला होता त्याचा.”

लग्नाच्या अठरा वर्षांत त्याच्याशी बोललेलं हे पहिलं सरळ खोटं. रुचिरनं भात कालवता कालवता माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाला, “घसा. असं होय.” वरण मागितलं. मी खोटं बोलून बसले होते आणि त्याला वरण हवं होतं.

माझा राग कुणावर आहे हे आता मलाच नीट सांगता येत नाही. मंदारवर आहे, कारण मी खोटं बोलले ते त्याच्यासाठी. रुचिरवर आहे, कारण त्याचं कुठेच लक्ष नसतं.

१० मे, शनिवार

दुपारी सभागृहात पोचलो तर रंगमंचावर जाडजूड गालिचा. मी म्हटलं, गुंडाळा. तिथला मुलगा म्हणाला, नाही, सुरक्षेसाठी आहे, वायरींवर लोक अडखळतात. मी म्हटलं, आम्हाला वायरी नकोत. तो म्हणाला, मग माइक? शेवटी दोन माइक पुढे सरकवून घेतले, वायरी टेपनं चिकटवून घेतल्या, आणि त्याच्या वरिष्ठ बाईंशी इतकी भांडले की त्यांनी स्वतः गालिच्याचं एक टोक धरलं. दुसरं मी धरलं. खाली लाकूड होतं. मंदारनं बूट काढले.

तालमीच्या मध्येच ध्वनिवाल्यानं हात वर केला. “मॅडम, समबडीज फूट कमिंग इन, लाह. व्हेरी लाउड.”

“माझा आहे,” मी म्हटलं. “येऊ दे.”

संध्याकाळी सूत्रसंचालकानं ‘सारंग अँड द डुगडुग्स’ असंच म्हटलं. सारंगनं माइकपाशी जाऊन सांगितलं, “जस्ट डुगडुग.” लोकांना तो विनोद वाटला, ते हसले. हसू देत.

‘लिफ्ट बंद आहे’ शेवटी होतं. सातवी ओळ संपली. आम्ही थांबलो. सभागृहात इतकी शांतता की माझ्या सांध्यांचा आवाज यावा. मी टाच आपटली. ती माइकमध्ये आली, भिंतींवरून परत आली, आणि तिच्यावर बरोबर मंदार आला. डुग. डुग. डुग. एकेक पायरी, कुठलीच घाई नाही, तळापर्यंत. टाळ्या तिथेच सुरू झाल्या आणि त्याला त्या दिसल्या. खरंच, आधी दिसल्या. मग तो हसला.

नंतर बाहेर गर्दी, समोसे, फोटो. तन्मय सगळ्यांना सांगत होता की तो जवळजवळ आमच्यात होता. मी मंदारला शोधलं. तो लिफ्टच्या बाजूला रुचिरसमोर उभा होता. मला वाटलं, जावं, मध्ये पडावं, ती अट मागे घ्यावी, आज नको म्हणावं. आणि वाटलं, नाही, बोलायचंच त्यानं. दोन्ही एकदम वाटत असताना मी हातात कागदी बशी धरून तिथेच उभी राहिले.

रुचिर काहीतरी म्हणाला. मंदारनं नेहमीसारखी ‘हो’ म्हणायला मान हलवली, आणि थांबवली.

“परत सांग,” तो म्हणाला. मोठ्यानं, त्याला स्वतःचा आवाज किती ते कळत नसणार. “मला ऐकू कमी येतं, रुचिर. ऑगस्टमध्ये कळणारच होतं. आता मीच सांगतोय.”

आजूबाजूच्या चार-पाच जणांनी वळून बघितलं. मी रुचिरचा चेहरा बघत होते. आश्चर्य, राग, साहेबपणा, काहीतरी येईल म्हणून वाट बघत होते. काहीच आलं नाही. त्यानं मंदारच्या दंडावर हात ठेवला, तोंड त्याच्याकडे केलं आणि ओठ स्वच्छ हलवत म्हणाला, “छान गायलास म्हटलं.”

घरी येताना टॅक्सीत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. तो विचारत राहिला, काय झालं, इतकं चांगलं झालं की सगळं. काय सांगू? भिंतीपाशी दिलेली ती खुर्ची. लिहून पाठवत जा. घसा, असं होय.

आत्ता आठवतंय ते एवढंच, की मंदारनं तोंड उघडायच्या आधीपासून रुचिर त्याच्या उजव्या बाजूला उभा होता.